गांडूळ, देवगांडूळ, वाळा, मांडूळ: बिनपायांच्या प्राण्यांवरून वर्गीकरण शिकूया

पावसाळ्याचे पहिले आठ-दहा दिवस गेले की कोकणात आणि घाटमाथ्यावर शेणखताच्या ढिगात, कुंडीच्या बुडाशी, परसातल्या दगडाखाली वीत-दोन वीत लांबीचे बिनपायांचे प्राणी दिसू लागतात. बहुतेक घरांत त्यांच्यासाठी दोनच कप्पे असतात: गांडूळ आणि साप. गांडूळ वाचतं, साप मारला जातो. पण जीवशास्त्रज्ञाच्या हिशेबात या पाहुण्यांत दोन संघ, तीन वर्ग आणि निदान पाच कुलं असू शकतात. गांडूळ, देवगांडूळ (बिनपायांचा उभयचर), आणि वाळा, खापरखवल्या व मांडूळ (हे तिघे साप) हे पाचही जण लांबट आणि दंडगोल, पाचही बिनपायांचे आणि पाचही मातीत राहणारे. नात्याने मात्र यातलं देवगांडूळ गांडुळापेक्षा बेडकाला जवळचं आहे, आणि वाळा देवगांडुळापेक्षा पालीला जवळचा. हे कशावरून ठरवतात, कुठल्या क्रमाने ठरवतात आणि त्यात चुका कुठे होतात, ते या पाचांवरूनच पाहू. वाघ-सिंहाच्या उदाहरणाने वर्गीकरण सोपं वाटतं, कारण तिथे फसायला फारसं काही नसतं.

आधी शब्दांचा घोळ

शालेय पुस्तकांतली उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. यात प्रजाती वरची आणि जाती सर्वांत खालची. वर्तमानपत्रांत मात्र 'आंबोलीत नवी प्रजाती सापडली' असं छापतात तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. जुन्या मराठी ग्रंथांत प्रजातीला 'वंश' म्हटलेलं आढळतं. या लेखात प्रजाती म्हणजे नावाचा पहिला शब्द आणि जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून, एवढं धरून चालू.

आपल्या कुंडीतल्या वाळ्याचा पूर्ण पत्ता असा: प्राणी सृष्टी, समपृष्ठरज्जू संघ, सरीसृप वर्ग, स्क्वामाटा गण, टिफ्लॉपिडी कुल, इंडोटिफ्लॉप्स प्रजाती, इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस जाती. यात 'साप' कुठेच आला नाही, कारण साप हा स्क्वामाटा गणाच्या आतला उपगण आहे. सात पायऱ्या पुरत नाहीत तेव्हा अधल्यामधल्या पायऱ्या घालतात. कुलाचं नाव प्राण्यांत नेहमी 'इडी'ने संपतं, उपकुलाचं 'इनी'ने. एवढं लक्षात असलं तर अनोळखी नाव वाचतानाही ते कुठल्या पातळीचं आहे हे कळतं.

पायरी १: प्राणी हलायच्या आत नोंद

साहित्य थोडंच लागतं: १० पट मोठं दाखवणारं भिंग, ३० सेंमीची पट्टी, पांढरी बशी, एक ओलं पान, मऊ ब्रश आणि जवळून फोटो काढणारा फोन. हाताला साबण, सॅनिटायझर, डास पळवणारं मलम लागलेलं नको. देवगांडूळ त्वचेतूनही श्वास घेतं. कोरड्या किंवा रसायन लागलेल्या हाताने धरलं तर त्याला इजा होते.

फोटो निदान सहा हवेत: पूर्ण शरीर वरून (शेजारी पट्टी ठेवून), डोकं वरून, डोकं बाजूने, शरीराच्या मध्यावर पोटाची बाजू, शेपटीचं टोक आणि अवस्करद्वाराचा (मल-मूत्र आणि अंडी बाहेर पडायच्या एकाच द्वाराचा) भाग. नवखे लोक वरून एकच सुंदर फोटो काढतात आणि नेमका तोच निरुपयोगी ठरतो, कारण पाठीच्या रंगावरून कुल ठरत नाही. या प्राण्यांत निर्णय होतो तो पोटावर आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरांत.

सोबत तारीख, वेळ, गाव, अक्षांश-रेखांश (दशांश अंशांत, चार आकडे तरी), समुद्रसपाटीपासूनची उंची आणि प्राणी नेमका कशाखाली, किती खोल होता हे लिहायचं. 'कोकण' एवढीच जागा लिहिलेली नोंद जातीपर्यंत पोचायला उपयोगी पडत नाही. सह्याद्रीतल्या कित्येक देवगांडुळांचा माहीत असलेला टापू फार लहान आहे.

सुरक्षेची एक गोष्ट इथेच. पोवळा हा बारीक, नाजूक दिसणारा साप विषारी आहे आणि घाईत त्याला वाळा समजणं अगदी शक्य आहे. प्राण्याला खवले आहेत एवढं दिसलं की पुढचं सगळं निरीक्षण भिंगाऐवजी फोनच्या झूमने, हात न लावता करायचं. पोटाचा फोटो हवा असेल तर काचेच्या बरणीखालून घेतात, प्राणी उलटा करून नाही. साप पकडणं किंवा बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली परवानगीशिवाय चालत नाही हेही आहेच.

पायरी २: संघ आणि वर्ग

पहिला प्रश्न पाठीच्या कण्याचा. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्या खुणा पाहायच्या. जबडा उघड-मिट होतो का? जीभ बाहेर येते का? हालचाल कशी आहे? गांडूळ पुढचा भाग ताणून बारीक करतं, मग मागचा भाग ओढून जाड करतं. लांबीच बदलते. कणा असलेला प्राणी वळणं घेत सरकतो, त्याची लांबी तेवढीच राहते. देवगांडूळ मातीत घुसताना त्वचेच्या आत कणा थोडा मागेपुढे करू शकतं, त्यामुळे क्षणभर गांडुळासारखं वाटतं. म्हणून एकट्या हालचालीवर निकाल देऊ नये.

गांडुळाची खात्री करायची तर ओल्या बोटाने पोटाकडून मागून पुढे हलकेच फिरवा. खरखर लागते ती राठ केसांची. प्रौढ गांडुळावर जाडसर, वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. प्रयोगशाळेत नेहमी दिसणाऱ्या मेटाफायर पोस्थुमामध्ये तो १४ ते १६ या खंडांवर असतो. पट्टा नसला तर प्राणी गांडूळ नाही असं नव्हे, तो अजून वयात आलेला नाही. गांडुळांची जाती पिल्लावरून ठरवायला जाऊ नका, बहुतेकदा जमत नाही.

कणा आहे हे ठरलं की वर्गासाठी त्वचा पाहायची. ओलसर, गुळगुळीत, अंगभर आडव्या खोबणी: उभयचर. कोरडे, एकावर एक बसलेले चकचकीत खवले: सरीसृप. वाळा ओल्या मातीतून नुकताच निघालेला असतो तेव्हा तोही बुळबुळीत दिसतो आणि इथेच गफलत होते. ब्रशने माती बाजूला सारून मिनिटभर थांबा. पाणी ओसरलं की खवल्यांच्या कडा उजेडात चमकतात.

देवगांडुळाची एक खूण अशी आहे की ती दिसली तर वाद संपतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या भागात एक बारीक छिद्र असतं आणि त्यातून इवलीशी स्पर्शिका बाहेर येते. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कणाधारी प्राण्याला ही स्पर्शिका नाही. दहापट भिंगाने ती टाचणीच्या टोकाएवढ्या फिकट ठिपक्यासारखी दिसते. प्राणी शांत असला तरच दिसते, म्हणून बशीत ओल्या पानावर ठेवून दोन मिनिटं थांबायचं.

आणि एक सापळा, ज्यात विद्यार्थी हमखास अडकतात. काही देवगांडुळांच्या खोबणीत सुईने अलगद उकललं तर बारीक खवले सापडतात. 'खवले आहेत, म्हणजे साप' असा निष्कर्ष काढला जातो. हे खवले त्वचेच्या आतल्या थरात तयार झालेले, खोबणीत दडलेले असतात. सापाचे खवले त्वचेच्या बाहेरच्या थरातल्या केराटिनचे (आपली नखं ज्याची बनतात त्याचे) असतात. नाव एक, बनावट वेगळी. वर्गीकरणात 'आहे की नाही' एवढं विचारून भागत नाही. ते कशापासून बनलं हेही विचारावं लागतं.

पायरी ३: किल्ली वापरणं

जाती-कुल ओळखण्यासाठी जोड्यांची किल्ली वापरतात. प्रत्येक पायरीवर दोन विधानं, त्यातलं एक निवडून पुढे. आपल्या पाहुण्यांसाठी छोटी किल्ली अशी होईल:

१अ. जबडा, दात, डोळे नाहीत. वलयांवर राठ केस: गांडूळ.
१ब. जबडा आहे: २ वर जा.

२अ. त्वचा ओलसर, बाहेरून खवले दिसत नाहीत, अंगभर आडव्या खोबणी, स्पर्शिका: देवगांडूळ.
२ब. अंगभर कोरडे खवले: ३ वर जा.

३अ. पोटावरचे खवले पाठीवरच्या खवल्यांएवढेच, डोळा म्हणजे खवल्याखाली काळा ठिपका: वाळा.
३ब. पोटावरच्या मधल्या रांगेतले खवले बाकीच्यांपेक्षा रुंद: ४ वर जा.

४अ. शेपटीचं टोक तिरकं कापल्यासारखं किंवा खरखरीत ढालीसारखं, डोकं निमुळतं: खापरखवल्या.
४ब. शेपटी तशी नाही: ५ वर जा.

५अ. शरीर जाड, शेपटी बोथट आणि डोक्यासारखी दिसणारी, पोटाचे खवले अरुंद: मांडूळ.
५ब. पोटाचे खवले जवळजवळ पोटाच्या पूर्ण रुंदीचे: इतर साप. इथून पुढे ही किल्ली लागू नाही आणि हातही लावायचा नाही.

किल्लीचा नियम एकच, पण तो पाळला जात नाही: दोन्ही विधानं पूर्ण वाचायची. पहिलं वाचून 'हो, हेच' म्हणत पुढे गेलं की चूक झालीच. दुसरी चूक म्हणजे किल्ली ज्या प्रदेशासाठी लिहिली आहे त्याबाहेर वापरणं. वरची किल्ली ओडिशात नेली तर तिथला बिनपायांचा बार्कुडिया हा सापसुरळीच्या कुळातला प्राणी ३अ पाशी येऊन वाळा ठरेल. आपल्याकडेही काही सापसुरळ्यांचे पाय इतके इवले असतात की धावत्या नजरेला दिसत नाहीत. पापणी किंवा कानाचं छिद्र दिसलं की साप बाद. सापाला दोन्ही नसतात.

किल्ली अडली, म्हणजे दोन्ही विधानं अर्धी-अर्धी जुळली, तर दोन्ही वाटांनी जाऊन पाहायचं. एका वाटेवर लवकरच विसंगती येते. दोन्ही वाटा जुळत राहिल्या तर प्राणी किल्लीत नाही असं समजून थांबायचं. ओढूनताणून नाव चिकटवण्यापेक्षा 'उरोपेल्टिस (खापरखवल्यांची एक प्रजाती), जाती अनिश्चित' हे जास्त शास्त्रीय उत्तर आहे. 'सीएफ.' लिहिलं तर 'बहुधा हीच जाती, तुलना हवी' असा अर्थ होतो. 'अफ.' म्हणजे 'हिच्या जवळची, पण ही नव्हे'.

पायरी ४: मोजणी

कुल कळल्यावर जातीसाठी आकडे लागतात. सापांत शरीराच्या मध्यावरच्या खवल्यांच्या रांगा मोजतात. सरळ रेषेत आडवं मोजलं तर आकडा चुकतो, कारण खवले तिरके बसलेले असतात. पोटाच्या रुंद खवल्याला लागून असलेल्या पहिल्या खवल्यापासून तिरकं वर जायचं, पाठीचा कणा ओलांडायचा आणि पलीकडून तिरकं खाली यायचं. पोटाचा रुंद खवला मोजायचा नाही. वाळ्याला रुंद खवलाच नसतो, म्हणून तिथे पूर्ण फेरी मोजतात. हा फरक न कळल्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांत एकाचा गोंधळ झालेला अनेकदा दिसतो. मोजणी तीन ठिकाणी करतात: मानेमागे, मध्यावर आणि अवस्करद्वाराच्या डोक्याएवढ्या लांबीइतकं आधी. ती १७:१७:१५ अशी लिहितात. तीनदा मोजायचं, तीनही आकडे टिपायचे, सरासरी काढायची नाही.

नेहमीच्या वाळ्याला २० रांगा असतात आणि लांबी बहुधा १० ते १७ सेंमी. चोचीसारखं नाक असलेला चंचूवाळा याच कुळातला, पण तो अर्ध्या मीटरपेक्षा मोठा होऊ शकतो. १४ रांगा भरल्या तर कुलच बदलतं: ते लेप्टोटिफ्लॉपिडीतले, आणखी बारीक वाळे. मांडुळाच्या रांगा पन्नासच्या पुढे जातात.

देवगांडुळात अंगावरची वलयं मोजतात, मुख्य वेगळी आणि मुख्य वलयाला दुभागणारी दुय्यम वेगळी. मुख्य वलयं मणक्यांच्या संख्येशी साधारण जुळतात, म्हणून एक्स-रे काढून पडताळा घेता येतो. इक्थिओफिस प्रजातीत डोळा बाहेरून दिसतो आणि टोकाला छोटी शेपटी असते. गेगेनिओफिसमध्ये डोळा हाडाखाली झाकलेला असतो आणि शेपटी नसतेच. एवढ्यावर कुलापर्यंतचा निकाल लागतो.

पायरी ५: नातं ठरवणं

इथवर आपण ओळख पटवली. वर्गीकरण म्हणजे त्यापुढची गोष्ट: कोण कोणाचा जवळचा. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये यासाठी काटेकोर पद्धत मांडली आणि आज सगळं प्राणी-वर्गीकरण तिच्याच वाटेने चालतं. नियम असा की गट करताना साम्य मोजायचं नाही. नव्याने आलेली आणि वारशाने वाटून घेतलेली लक्षणं तेवढी मोजायची.

हातानेच करून पाहू. चार प्राणी घ्या: बेडूक, देवगांडूळ, पाल, वाळा. पाच लक्षणं घ्या.

१) पाय: बेडूक, पाल यांना आहेत; देवगांडूळ, वाळा यांना नाहीत.
२) केराटिनचे कोरडे खवले: पाल, वाळा यांना आहेत, इतर दोघांना नाहीत.
३) भ्रूणाभोवती पाण्याची पिशवी: पाल, वाळा यांच्यात आहे, इतर दोघांत नाही.
४) कवटी मणक्याला जोडणारे उंचवटे: पाल, वाळा यांना एक, बेडूक, देवगांडूळ यांना दोन.
५) मध्ये सांधा असलेले, दोन भागांचे दात: बेडूक, देवगांडूळ यांना आहेत, इतर दोघांना नाहीत.

आता दोन मांडण्या. पहिली: बेडूक आणि देवगांडूळ एकत्र, पाल आणि वाळा एकत्र. या मांडणीत लक्षण २ ते ५ प्रत्येकी एकदाच बदललं असं मानून भागतं, म्हणजे ४ बदल. पायांचं लक्षण दोनदा बदललं मानावं लागतं. एकूण ६. दुसरी: पायवाले एकत्र, बिनपायांचे एकत्र. पायांसाठी १ बदल, पण उरलेली चारही लक्षणं दोन-दोनदा बदललेली मानावी लागतात. एकूण ९. कमी बदल मागणारी मांडणी घ्यायची, म्हणजे पहिली. याला काटकसरीचा नियम म्हणतात. संगणक हेच शेकडो लक्षणं आणि हजारो मांडण्यांवर करतो.

पायांचा पुरावा इतका दुबळा का, याला कारण आहे. जमिनीत किंवा गवतात घुसून राहणाऱ्या प्राण्यांत पाय नाहीसे होणं वारंवार घडतं. एकट्या सरडे-सापांच्या गणात ते वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडलेलं आहे. जे लक्षण राहणीच्या दबावाने सहज येतं-जातं ते नात्याची साक्ष द्यायला वाईट. आणि गांडुळाला तर पाय कधी नव्हतेच. 'गमावलेले पाय' आणि 'कधीच नसलेले पाय' या दोन गोष्टी तक्त्यात एकाच शून्याने लिहिल्या की चूक आत शिरते. म्हणून तक्त्यात गटाबाहेरचा, पण फार दूर नसलेला एखादा प्राणी तुलनेला घेतात. आपल्या चौघांसाठी मासा चालेल, गांडूळ फारच लांबचं पडेल.

लक्षणं निवडताना आणखी एक काळजी: एकाच गोष्टीचे चार तुकडे करून चार लक्षणं बनवू नका. 'शरीर लांब', 'मणके जास्त', 'पाय नाहीत', 'डावं फुप्फुस लहान' ही चारही बिळात राहण्याच्या एकाच सवयीची पिल्लं आहेत. ती वेगवेगळी मोजली तर देवगांडूळ सापांत जाऊन बसेल.

याच पद्धतीमुळे 'सरीसृप' या जुन्या वर्गाची पंचाईत झाली. मगर पालीपेक्षा पक्ष्यांना जवळची आहे. मग मगर आत आणि पक्षी बाहेर ठेवले तर एकाच पूर्वजाची अर्धीच लेकरं घेतल्यासारखं होतं. म्हणून आजचे अभ्यासक पक्ष्यांना सरीसृपांच्या आत धरतात. शालेय पुस्तकांत पक्षी वेगळा वर्ग असतो, आणि शिकवायच्या सोयीसाठी ते ठीकच आहे.

पायरी ६: डीएनए, आणि तो कुठे फसवतो

प्राण्यांत ओळखीसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा तुकडा म्हणजे सीओआय जनुकाची सुमारे ६५० अक्षरं. उभयचरांत त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीने १६एस हे जनुक वापरतात. १६एसमध्ये ३ टक्क्यांहून जास्त फरक असला की वेगळी जाती असू शकते, असा संकेत बेडकांच्या अभ्यासात रूढ आहे. तो संकेतच आहे, कायदा नव्हे. हे दोन्ही तुकडे पेशीच्या केंद्रकातले नसून मायटोकॉन्ड्रियातले (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतले) आहेत आणि फक्त आईकडून येतात, त्यामुळे संकर झाला असेल तर अर्धीच हकिगत कळते. शिवाय त्यांच्या जुन्या, निकामी नकला केंद्रकात पडलेल्या असतात. त्या चुकून वाचल्या गेल्या तर नसलेली जाती 'सापडते'. सीओआयच्या क्रमात मध्येच थांबा-संकेत आला तर अशी नक्कल हाती आली असं समजायचं.

परवानगी असलेल्या संस्थेत नमुना ठेवताना क्रम महत्त्वाचा. आधी यकृताचा किंवा स्नायूचा तुकडा ९५ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये, मग शरीर १० टक्के फॉर्मालिनमध्ये, नंतर पाण्याने धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. उलटा क्रम केला तर फॉर्मालिन डीएनएची नासाडी करतं. १० टक्के फॉर्मालिन म्हणजे बाजारातल्या फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. त्यात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असतं. हा हिशेब न कळल्याने नमुने दगडासारखे कडक झालेले पाहायला मिळतात. रंग काही आठवड्यांत उडतो, म्हणून जिवंतपणीचा फोटो नसेल तर रंगाबद्दल नंतर काही लिहू नये.

नेहमीच्या वाळ्याने आणखी एक व्याख्या अडचणीत आणली आहे. 'आपापसांत प्रजनन करतात ती एक जाती' असं आपण शिकतो. इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनसमध्ये फक्त माद्या असतात. त्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. इथे प्रजननाची कसोटी लावायची कोणाला? मग अंगाची रचना आणि डीएनए यांवरच भिस्त ठेवावी लागते. एकच मादी कुंडीच्या मातीतून परदेशी पोचली तरी वसाहत उभी राहते, म्हणून हा साप आज जगभरच्या उष्ण प्रदेशांत आहे. ठिकठिकाणी त्याला नवा समजून नवी नावंही दिली गेली. ती सगळी आता एकाच नावात जमा झाली आहेत.

पायरी ७: नाव वाचणं

प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून सुरू होतो, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. एका प्राण्याला अनेक नावं असतील तर सर्वांत जुनं वैध नाव टिकतं. प्रजाती आणि जाती दोन्ही तिरप्या अक्षरांत. रोमन लिपीत प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान. देवनागरीत हा फरक दाखवता येत नाही, म्हणून शोधनिबंधात आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर नाव रोमनमध्येच लिहितात.

आता 'इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस (डॉदँ, १८०३)' हे वाचा. नाव देणारा आणि वर्ष कंसात आहेत, याचा अर्थ डॉदँने ही जाती दुसऱ्याच प्रजातीत घातली होती. ती होती एरिक्स, म्हणजे मांडुळाची प्रजाती. विशाखापट्टणमच्या सापाचं पॅट्रिक रसेलने केलेलं वर्णन त्याच्यासमोर होतं. पुढे ही जाती टिफ्लॉप्समध्ये गेली, मग रॅम्फोटिफ्लॉप्समध्ये, आणि २०१४ पासून इंडोटिफ्लॉप्समध्ये आहे. प्राणी तोच, नात्याबद्दलचा समज तीन वेळा बदलला. जातीचं नाव मात्र १८०३ पासून तेच. म्हणून जुन्या यादीत शोधताना दुसऱ्या शब्दाने शोधावं, पहिल्याने नाही.

याउलट आंबोलीच्या देवगांडुळाचं नाव 'गेगेनिओफिस डॅनिएली गिरी, विल्किन्सन आणि गोवर, २००३' असं कंसाशिवाय लिहितात, कारण ते अजून मूळ प्रजातीतच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जे. सी. डॅनिएल यांच्यावरून ते दिलेलं आहे. पुरुषाच्या नावाला शेवटी 'इ', म्हणून डॅनिएली. गंमत म्हणजे याचं कुल मात्र बदललं: सिसिलिइडीतून २०११ मध्ये इंडोटिफ्लिडीत, आणि हल्लीच्या काही याद्यांत ग्रँडिसोनिइडीत. कंसाचा नियम कुल बदललं तर लागत नाही, फक्त प्रजाती बदलली तर लागतो.

विशेषण असलेलं जातिनाम प्रजातीच्या नावाच्या व्याकरणातल्या लिंगाप्रमाणे बदलतं. शेकरूला १७७७ मध्ये एर्क्सलेबेनने स्किउरस इंडिकस म्हटलं. रॅटुफा प्रजातीत नेल्यावर ते रॅटुफा इंडिका झालं. धामणीचं टायस म्युकोसस आणि टायस म्युकोसा असं दोन प्रकारे लिहिलेलं आढळतं ते यामुळेच. टायस स्त्रीलिंगी आहे, म्हणून म्युकोसा बरोबर. नाम असलेली जातिनामं मात्र बदलत नाहीत. हिरण्यकेशी नदीवरून २०२० मध्ये नाव मिळालेला आंबोलीचा स्किस्टुरा हिरण्यकेशी हा मासा उद्या दुसऱ्या प्रजातीत गेला तरी हिरण्यकेशीच राहील.

पायरी ८: खरंच नवी जाती असेल तर

आधी त्या प्रजातीतल्या सगळ्या ज्ञात जातींची मूळ वर्णनं आणि मूळ नमुने यांच्याशी तुलना. भारतीय प्राण्यांचे बरेच जुने नमुने लंडन, पॅरिस, बर्लिनच्या संग्रहालयांत आहेत, आणि बहुतेक कामं इथेच वर्षानुवर्षं अडकतात. मग एक नमुना नामधारक (ज्याच्याशी ते नाव कायमचं जोडलेलं राहतं असा) म्हणून नेमायचा. २००० पासून हे बंधनकारक आहे, आणि 'ही नवी जाती' असं स्पष्ट लिहिणं व नमुना कुठल्या संग्रहात ठेवला ते सांगणंही. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण (स्थापना १९१६, मुख्यालय कोलकाता, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात) आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) यांचे संग्रह त्यासाठी आहेत. २०१२ पासून केवळ ऑनलाइन नियतकालिकात दिलेलं नावही चालतं, पण झूबँकमध्ये (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंदणी हवी आणि तो क्रमांक निबंधात छापलेला हवा. समाजमाध्यमावर टाकलेलं नाव मोजत नाहीत.

शेवटी चिठ्ठी. ती बाटलीच्या आत ठेवायची, कापसाच्या धाग्याच्या जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते. क्रमांक प्राण्याला दोऱ्याने बांधलेला हवा, नुसता बाटलीवर चिकटवलेला नको, कारण झाकणं आणि बाटल्या बदलतात. पुढे कोणी तपासून वेगळी जाती ठरवली तर नवी चिठ्ठी त्याच्या नावानिशी, तारखेनिशी जुनीच्या शेजारी घालायची. जुनी चुकीची असली तरी काढायची नाही. त्या नमुन्यावर आधी जे काही छापलं गेलं ते त्याच चुकीच्या नावाने छापलेलं असतं, आणि ते शोधायचं तर तेच नाव लागतं.